तिसरा हिरवा दिवा लागला नाही, तर गिअर (विमानाची चाकं) पुन्हा वर घ्यायचा का?

तीन_हिरवे
गेल्या महिन्यात उतरायच्या तयारीत गिअरचा लिव्हर खाली केला. चाकाचा पाय खाली येऊन लॉक झाला की त्याचा हिरवा दिवा लागतो. नाकाचा दिवा हिरवा, उजवा हिरवा, डावा बंद. एका इंजिनाचं चार आसनी विमान, शेजारी माझ्यापेक्षा जास्त तास उडवलेला मित्र. उंची घेतली, बाजूला जाऊन घिरट्या सुरू केल्या आणि उजवीकडचा चालू बल्ब काढून डावीकडे बसवला. तरी बंदच, म्हणजे दोष बल्बचा नाही. मित्र म्हणाला, "एकदा वर घे, परत सोड, बसेल." मी ऐकलं नाही. पुस्तकातली आपत्कालीन कृती पूर्ण केली, टॉवरला चाकं बघायला सांगितलं आणि उजवं चाक आधी टेकवत उतरलो. डावा पाय जागचा हलला नाही. विमान जॅकवर चढवल्यावर कळलं की पाय पक्का लॉक झालेला होता. त्याची खबर देणाऱ्या मायक्रोस्विचच्या दांडीत चिखल आणि जुनं ग्रीस घट्ट बसलं होतं.

मित्र अजूनही म्हणतो की मी घाबरलो. माझं मत ठाम आहे: पाय खाली आला की हवेत तो पुन्हा वर घेऊ नये. दिवा का लागला नाही हेच माहीत नाही. रॉड वाकलेला असेल तर वर गेलेला पाय कप्प्यातच अडकेल. हातात आहे ते कशाला घालवायचं?

जुना_प्रशिक्षक
अजिबात पटलं नाही. पाय "हातात आहे" हे तुम्हाला कशावरून कळलं? टॉवरला चाकं लोंबताना दिसतात, लॉक दिसत नाही. लॉक न झालेला पाय खालून अगदी लॉक झाल्यासारखाच दिसतो. तुमचा स्विच खराब निघाला, हे उतरल्यावरचं शहाणपण आहे.

पुरेशी उंची, गिअरच्या वेगमर्यादेच्या आत वेग, आणि फक्त एकदा वर-खाली. थंडीत ग्रीस घट्ट होऊन शेवटची थोडी हालचाल राहिली असेल, तर दुसऱ्या खेपेला ती पूर्ण होते. मी हे दोनदा केलंय, दोन्ही वेळा तीन हिरवे मिळाले. टाकीत इंधन आहे तोवर वेळ आहे. चाक टेकल्यावर दुसरी संधी नाही.

तीन_हिरवे
सर, शेवटची थोडी हालचाल वर न घेताही मिळवता येते. पायपर ॲरोसारख्या विमानात चाकं वर धरून ठेवतो तो हायड्रॉलिक दाबच. आपत्कालीन लिव्हरने दाब सोडला की पाय स्वतःच्या वजनाने खाली येतात. नाकाचं चाक पुढे झुलत वाऱ्याविरुद्ध खाली येतं, म्हणून वेग कमी केला की त्याला मदत होते. बाजूच्या पायांसाठी रडरने (शेपटीवरच्या सुकाणूने) विमान डावी-उजवीकडे हलवायचं. आणि बोनान्झा विमानाचं बघा: गिअरची विजेची मोटर बंद पडली तर तिचा ब्रेकर (वीज तोडणारं बटण) ओढून हँडलचे साधारण ५० फेरे मारून चाकं उतरवायची, आणि मग जॅकवर चढेपर्यंत गिअरला हात लावायचा नाही.

जुना_प्रशिक्षक
बोनान्झाचा तो नियम हँडल वापरल्यानंतरचा आहे, आधीचा नव्हे. दोन गोष्टींची गल्लत करू नका. रडरचा मुद्दा मान्य, तो मी माझ्या क्रमात आधी घेईन. पण त्यानेही दिवा लागला नाही तर मी एकदा वर घेणारच, अर्थात त्या विमानाच्या पुस्तकात मनाई नसेल तर.

नवशिका
मध्येच विचारतो, माफ करा. मला एकदा भर दुपारी तिन्ही दिवे बंद दिसले होते. पाहतो तर नेव्हिगेशन लाइट (रात्री लावायचे बाहेरचे दिवे) चालू राहिले होते आणि त्यामुळे गिअरचे दिवे मंद झाले होते. हे बल्ब काढण्याच्याही आधी बघायला हवं ना?

जुना_प्रशिक्षक
हो, सगळ्यात आधी. शाबास.

हँगरवाली
मी अशा विमानांखाली अकरा वर्षं काढली आहेत. मला तुम्हा दोघांशीही भांडायचं आहे.

"जॅकवर कळेल" हे फार गृहीत धरता. जॅकवर वाऱ्याचा जोर नसतो, इंजिनाचा थरथराट नसतो, आणि बाहेरून वीज जोडलेली असल्याने हायड्रॉलिक पंपाच्या मोटरला पूर्ण व्होल्टेज मिळतं. हवेत रखडणारा गिअर माझ्यासमोर दहा वेळा गुणी बाळासारखा वर-खाली होतो. मग मी काय शोधू?

दुसरीकडे, वर-खाली करून तीन हिरवे मिळाले की पायलट लॉगबुकात काहीच लिहीत नाही. प्रशिक्षक सर, त्या दोन वेळा तुम्ही लिहिलं होतं का? आपोआप नाहीसा झालेला दोष दुरुस्त झालेला नसतो.

मला हवं आहे ते निरीक्षण. कोणता दिवा बंद, गिअर अजून पक्का नाही असं सांगणारा लाल दिवा लागलेला होता का, पंप किती सेकंद चालला, ब्रेकर उडाला का. उडत असताना दर काही मिनिटांनी पंप आपोआप सुरू होत असेल तर दाब आतल्या आत गळतोय, म्हणजे सिलिंडरची ओ-रिंग (रबरी कडं) किंवा पंपातला व्हॉल्व्ह. पंप थांबतच नसेल तर संशय दाब भरला की पंप बंद करणाऱ्या प्रेशर स्विचवर. तेव्हा ब्रेकर ओढा, नाहीतर मोटर जळेल. उडालेला ब्रेकर थंड झाल्यावर एकदाच दाबा, पुन्हा उडाला तर सोडून द्या. आणि कृपा करून हायड्रॉलिक ऑइलच्या टाकीत गाडीचं ब्रेक ऑइल ओतू नका! या यंत्रणेत लाल खनिज ऑइल चालतं. गाडीच्या ऑइलने सगळी सीलं फुगतात आणि मग अख्खी यंत्रणा उघडावी लागते.

आधी_विमान_उडवा
वर घ्यायचा की नाही यापेक्षा किती वेळ घालवायचा, हा प्रश्न मला मोठा वाटतो. २९ डिसेंबर १९७२, मायामीजवळ ईस्टर्न ४०१ हे प्रवासी विमान. नाकाच्या चाकाचा बल्ब जळला होता, चाक प्रत्यक्षात खाली होतं. सगळे त्या बल्बमागे लागले, ऑटोपायलटने उंची धरणं सोडलं ते कोणाच्या लक्षात आलं नाही, १०१ माणसं गेली. १९७८ च्या डिसेंबरात पोर्टलंडजवळ युनायटेड १७३ हे प्रवासी विमान गिअरच्याच काळजीत सुमारे तासभर फिरत राहिलं आणि इंधन संपून पडलं. १० जण गेले. तिथेही चाकं खालीच होती.

जुना_प्रशिक्षक
ती मोठी विमानं, कॉकपिटमध्ये तिघं होते.

आधी_विमान_उडवा
तिघं असून झालं. आपण एकटे असतो, मान खाली घालून बल्ब फिरवत.

जुना_प्रशिक्षक
या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि हँगरवाली ताई, नाही, लिहिलं नव्हतं. एका वेळी तर ते विमान दुसऱ्याच दिवशी माझ्या विद्यार्थ्याने एकट्याने नेलं होतं. उद्या त्या मालकाला फोन करतो.

तीन_हिरवे
वर घेण्याबाबत माझं मत तेच आहे. पण पंप किती सेकंद चालला हे मला आठवत नाही, आणि तेव्हा इंधन किती उरलं होतं हेही मी पाहिलं नव्हतं. दोन्ही ओळी माझ्या चेकलिस्टमध्ये आज पेनने लिहिल्या. इंधनाची वर, पंपाची खाली.