डिव्हिडंडसाठी आयटीसीचा शेअर घ्यावा का?

ए-२०३: नमस्कार मंडळी, माझी एफडी पुढच्या आठवड्यात मॅच्युअर होतीय, मुलगा म्हणतो बाबा परत एफडी नको, आयटीसी कंपनीचे शेअर घ्या, दरवर्षी डिव्हिडंड म्हणजे नफ्यातला वाटा येतो. सी विंगच्या दादांना विचारायचं होतं, घ्यावा का?

सी-१०१: काका कंपनी जुनी आहे, डिव्हिडंड देतेच, प्रश्न भावाचा आहे. २०२४-२५ चा शेअरमागं १४.३५ रुपये दिला, आता तुम्ही ४०० ला घेतला तर साडेतीन टक्के पडतात, ३०० ला मिळाला तर पावणेपाच. विश्रामबागेत गाळा घेताना नुसतं भाडं बघतो का आपण, कितीला पडतोय ते आधी विचारतो की.

बी-४०२: ॲपवर एका शेअरचं यील्ड, म्हणजे भावाच्या मानानं डिव्हिडंड, ९ टक्के दिसतंय, मग तोच बरा ना?

सी-१०१: वहिनी तिथंच माणसं फसतात. भाव पडला की यील्ड आपोआप मोठं दिसतं, नाहीतर एकदाच दिलेला स्पेशल डिव्हिडंड त्यात धरलेला असतो. आयटीसीचंच बघा, २०२२-२३ ला १५.५० दिले पण त्यात २.७५ स्पेशल होते, पुढच्या वर्षी १३.७५ वर आले. आणि नफ्यातलं किती वाटतात ते बघा, आयटीसी ८० टक्क्यांच्या वर वाटते, म्हणजे डिव्हिडंड वाढायचा तर नफाच वाढायला पाहिजे आणि नफ्याचा मोठा वाटा अजून सिगारेटचा, सरकारनं टॅक्स वाढवला की दणका. जुलै २०१७ ला सिगारेटवरचा सेस म्हणजे जादा कर वाढवला तेव्हा शेअर एका दिवसात १२ टक्क्यांहून जास्त पडला होता, त्याआधी वरच्या भावाला घेतलेल्यांना तो भाव परत दिसायला २०२२ उजाडलं. डिव्हिडंड मिळत होता, पण पाच वर्षं मुद्दल तिथंच.

डी-१०४: डिव्हिडंडच्या तारखेच्या आदल्या दिवशी शेअर घ्यायचा, डिव्हिडंड घेऊन विकायचा, जमतंय का?

सी-१०१: नाही ओ, एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून नव्यानं घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही त्या दिवशी, भाव साधारण तेवढाच खाली उघडतो. वर १ एप्रिल २०२० पासून डिव्हिडंड आपल्या उत्पन्नात धरतात, स्लॅबप्रमाणं टॅक्स.

ए-२०३: मग मी काय करू?

सी-१०१: घरखर्चाचे पैसे यात घालू नका काका, ते पोस्टाच्या सिनियर सिटीझन योजनेत ठेवा, ८.२ टक्के आहे आणि मुद्दलाची काळजी नाही. पाच-सात वर्षं हात लावायचा नाही तेवढ्याच पैशाचे शेअर, तेही एकदम नको, भाव उतरेल तसे थोडे थोडे. रविवारी बसू, दहा वर्षांचा ईपीएस म्हणजे शेअरमागचा नफा आणि डिव्हिडंड कागदावर मांडू. २०१६ ला आयटीसीनं दोन शेअरला एक फुकट शेअर असा बोनस दिला होता, म्हणून त्याआधीचे जुने आकडे तसे कमी करून धरायला लागतील.

ए-२०३: येतो, मुलालाही आणतो.