फायरप्लेस असलेल्या हॉलमध्ये एल सोफा कसा बसवावा?

खिडकीवाली
जाणकारांनी मदत करा. हॉल १८ बाय १३ फूट. १८ फुटांच्या भिंतीच्या मधोमध फायरप्लेस आहे, खरी लाकडं जाळायची. धुराड्याचा भाग पाच फूट रुंद आणि भिंतीपासून दीड फूट पुढे आलेला, त्यामुळे दोन्ही बाजूंना साडेसहा फुटांचे कोनाडे तयार झालेत. फायरप्लेसकडे तोंड करून उभं राहिलं तर डावीकडे मोठी खिडकी. उजव्या भिंतीत, मागच्या कोपऱ्याजवळ मुख्य दार. पाठीमागच्या भिंतीत उजव्या टोकाला स्वयंपाकघराची वाट.

सोफा पसंत केलाय, ऑर्डर अजून दिलेली नाही. लांब बाजू साडेनऊ फूट, आखूड बाजू साडेसात, आणि पुढून मागे सव्वातीन. लांब बाजू मागच्या भिंतीला येणार एवढं ठरलंय. आखूड बाजू खिडकीकडे घेऊ की दाराकडे? शिवाय टीव्ही फायरप्लेसच्या वर लावावा असं घरात बहुमत आहे. विरोधात मी एकटीच.

निवांत
दाराकडे घ्या. दार उघडल्या उघडल्या सगळा हॉल दिसत नाही, चपला-छत्र्यांची जागा वेगळी पडते. सोफ्याची पाठ समोर येते हे खरं, पण तिच्यामागे फूटभर रुंदीचं टेबल ठेवलं की छान दिसतं. टेबल पाठीपेक्षा उंच मात्र नको.

मोजपट्टी
निवांत, दुसऱ्या एखाद्या हॉलमध्ये हे चाललं असतं. इथे नाही. आखूड बाजू दाराकडे आली की ती मागच्या भिंतीपासून साडेसात फूट पुढे येते. बसायला आत जायची वाट मग एकच उरते, ती या बाजूच्या टोकावरून, म्हणजे थेट आगीच्या तोंडाशी. चहाचा ट्रे घेऊन येणारा, पळणारं पोर, सगळे तिथूनच. सोफा कुठे ठेवायचा हे ठरवण्याआधी माणसं कुठून चालतात ते बघावं. तुमच्याकडे दार आणि स्वयंपाकघर दोन्ही उजवीकडे आहेत, तेव्हा उजवी बाजू मोकळी सोडा आणि आखूड बाजू खिडकीकडे घ्या.

आता जी गोष्ट बहुतेक जण विसरतात ती. सोफ्याचा मध्य आगीसमोर आणू नका, बसायच्या जागेचा मध्य आणा. एल सोफ्याचा कोपरा सव्वातीन फूट खातो आणि तिथे कुणी धड बसत नाही. बसलाच तर शेजाऱ्याच्या गुडघ्यांशी भांडतो. सोफा खिडकीला चिकटवलात तर खरं बसणं भिंतीपासून सव्वातीन ते साडेनऊ फुटांमध्ये होतं, त्याचा मध्य सव्वासहाच्या आसपास. फायरप्लेसचा मध्य आहे नवावर. सगळे डावीकडे गोळा झाल्यासारखे दिसतील. म्हणून सोफा खिडकीपासून दोन फूट सरकवा, मध्य साडेआठच्या जवळ येतो. पडदे ओढायला वाट मिळते आणि उजवीकडे साडेसहा फूट तरीही शिल्लक राहतात.

आग आणि जळू शकणारी कुठलीही वस्तू यांच्यात किमान ३ फूट. सोफा, पडदा, पुस्तकांची चवड, सगळं त्यात आलं. तुमच्या लांब बाजूपासून धुराड्यापर्यंत सव्वाआठ फूट मिळतात, त्यामुळे काळजी नाही. लाकडाच्या ठिणग्या उडतात, तेव्हा जाळी हवीच.

चष्मिष्ट
टीव्हीबाबत मी खिडकीवालींच्या बाजूने. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात. फायरप्लेसच्या वर टीव्ही लावला की त्याचा मध्य साडेपाच फुटांच्या खाली क्वचितच येतो. बातम्यांपुरतं ठीक, अख्खा सिनेमा बघताना मान सांगते. त्यात वर चढणारी उष्णता. बऱ्याच टीव्हींच्या माहितीपत्रकात चालवायचं कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस दिलेलं असतं. बहुमताला पटत नसेल तर आग नीट पेटल्यावर त्या जागी तासभर थर्मामीटर चिकटवून ठेवा आणि त्यांनाच आकडा वाचायला लावा.

निवांत
मान मागे टेकवून बसणाऱ्याला तेवढा त्रास होत नाही हो. पण उष्णतेचं म्हणाल तर मान्य. मग टीव्ही कुठे?

मोजपट्टी
उजव्या कोनाड्यात. खिडकीकडच्या आखूड बाजूवर बसणाऱ्याला मग आग आणि टीव्ही एकाच दिशेला मिळतात. डाव्या कोनाड्यात लावला तर त्यालाच वाकडं बसावं लागेल. खिडकी टीव्हीच्या समोर नाही, बाजूच्या भिंतीत आहे, त्यामुळे काचेवर उजेडही फारसा मारणार नाही. अंतर अकरा फुटांच्या आसपास, ६५ इंची चालेल. तो साधारण पावणेपाच फूट रुंद असतो, कोनाड्यात आरामात बसतो.

एक अडचण आहे. धुराडं दीड फूट पुढे आलंय. टीव्ही कोनाड्यातल्या भिंतीला सपाट लावलात तर डावीकडच्या सीटवरून त्याची कड धुराड्याआड जाईल. दीड फूट खोलीचं बुटकं कपाट करून टीव्ही त्याच्या पुढच्या कडेला, सोफ्याकडे थोडा वळवून ठेवा. नाहीतर पुढे ओढता येणारा, वळणारा ब्रॅकेट घ्या.

रंधा
फर्निचरचं काम करतो म्हणून दोन गोष्टी. ऑर्डरमध्ये डावा-उजवा लिहिताना बहुतेक ठिकाणी सोफ्याच्या समोर, त्याच्याकडे तोंड करून उभं राहून मोजतात. बसल्यावर आखूड बाजू तुमच्या डाव्या हाताला येणार, म्हणजे समोरून बघणाऱ्याला ती उजवी. फोनवर नुसतं ‘डावा’ म्हणून मोकळं होऊ नका. कागदावर खोलीचा नकाशा काढा, त्यात फायरप्लेस दाखवा आणि तो कागद ऑर्डरला जोडा.

दुसरं, शक्य असेल तर सुटे भाग जोडून होणारा सोफा घ्या. उन्हाळ्यात आगीचं काही काम नसतं, तेव्हा एक भाग काढून खिडकीशी नेता येतो. कापडाचा घ्या असं माझं मत. चामडं सतत उष्णतेत राहिलं की कोरडं पडून तडकतं.

अवांतर: सोफ्याचे पाय दिसणारे असतील तर खोली मोकळी वाटते, आणि झाडूही आत जातो.

खिडकीवाली
सगळ्यांचे आभार! काल जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून सोफ्याचा आकार केला, खिडकीपासून दोन फूट सोडून. दारातून स्वयंपाकघरात कुणालाही न अडखळता जाता येतंय. आखूड बाजू दाराकडे करून बघितली तेव्हा सासूबाई दोनदा वर्तमानपत्रावरूनच चालत गेल्या, तिथेच निकाल लागला. टीव्ही कोनाड्यात, मंजूर.

आता उरलेले प्रश्न: एक सुटी खुर्ची आहे, ती कुठे? मधलं टेबल आणि गालिचा किती मोठा?

मोजपट्टी
खुर्ची लांब बाजूच्या उजव्या टोकाच्या पुढे, तिरकी, तोंड खिडकीकडे. फिरणारी असेल तर उत्तम, आगीकडेही वळेल आणि टीव्हीकडेही. तिच्या पाठीमागून दारापर्यंत अडीच-तीन फूट मोकळे राहतात ना, एवढं बघा. टेबल सोफ्यापासून १६ ते १८ इंचांवर: कप हाताला येतो आणि गुडघे आपटत नाहीत. एलच्या आतल्या बाजूला गोल टेबल चांगलं, कोपरे लागत नाहीत.

गालिचा एवढा हवा की सोफ्याचे निदान पुढचे पाय त्यावर येतील. आगीच्या बाजूने मात्र तो फायरप्लेसपुढच्या दगडी ओट्याच्या बराच अलीकडे थांबवा. लोकरीचा घ्या. ठिणगी पडली तर लोकर सहसा पेट घेत नाही, करपून विझते. कृत्रिम धाग्याचा वितळतो.

रंधा
आणि ऑर्डर देण्याआधी दाराची रुंदी मोजा, पल्ला पूर्ण उघडून आणि बिजागऱ्या सोडून. जिना असेल तर त्याचं वळणही. सोफ्याच्या सर्वांत मोठ्या भागाची मापं दुकानातून लिहून घ्या, पॅकिंगसकट.