मदत हवी आहे: उत्खननाच्या फील्ड स्कूलसाठी स्कॉलरशिप, मी 'अंडररिप्रेझेंटेड'मध्ये बसते का?

खापरखुणा:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी अमेरिकेत अँथ्रोपॉलॉजीच्या मास्टर्सला पहिल्या वर्षाला आहे, आर्किऑलॉजीकडे जायचंय. बीए इतिहासात केलं त्यामुळे खापरं बघितली ती म्युझियमच्या काचेमागेच, प्रत्यक्ष उत्खननावर कधीच गेलेले नाही. इथे जो तो सांगतो की फील्ड स्कूल, म्हणजे प्रत्यक्ष साइटवर खणायला शिकवणारा कोर्स, केल्याशिवाय पुढचं काही खरं नाही, आणि ते पटतंही कारण सीआरएम म्हणजे बांधकामाआधी जमिनीचा सर्व्हे करणाऱ्या कंपन्या असतात ना, त्यांच्यात फील्ड टेक्निशियनच्या अगदी खालच्या नोकरीलाही बहुतेक वेळा तीच अट असते. पण गंमत अशी की खणायचं आपण, घाम आपला, आणि फीसुद्धा आपणच भरायची! 2020 मध्ये हीथ-स्टाउट आणि हॅनिगन यांचा यावरच एक पेपर आला होता, त्यात सरासरी खर्च साडेचार हजार डॉलरच्या आसपास निघाला होता. वर उन्हाळ्यातली कॅम्पसची नोकरी बुडणार ते वेगळंच.

तर स्कॉलरशिप शोधतेय, 'अंडररिप्रेझेंटेड' म्हणजे या क्षेत्रात ज्यांची माणसं कमी अशा गटांसाठीच्याही, आणि तिथेच अडलंय. मी दलित कुटुंबातली, घरात कॉलेजला जाणारी पहिलीच. पण इथल्या फॉर्ममध्ये माझ्या वाट्याला चौकट येते 'एशियन', आणि बऱ्याच ठिकाणी एशियन म्हणजे पुरेसे आहेत असंच धरतात. त्यात मी इंटरनॅशनल. मग निबंधात जातीचं लिहू का, वाचणाऱ्याला काही कळेल का, की उगाच सहानुभूती मागतेय असं वाटेल? सिटिझनशिपची अट नसलेल्या स्कॉलरशिप कुठल्या? आणि पैसे आधी हातात येतात की सगळं उरकल्यावर? कारण आधी भरायला माझ्याकडे नाहीत.

पांढरीची_माती:
अगं सगळ्यात आधी एआयएची, म्हणजे आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकाची, जेन वाल्डबाम फील्ड स्कूल स्कॉलरशिप बघ. ती अंडररिप्रेझेंटेड वगैरे नावाखाली नाहीये पण तुझ्यासाठी बेतल्यासारखी आहे: आधी उत्खनन केलेलं नको, अमेरिका किंवा कॅनडातल्या कॉलेजात शिकत असायला हवं, बीएची शेवटची दोन वर्षं नाहीतर मास्टर्सचं पहिलं वर्ष. हजार डॉलर मिळतात. म्हणजे या उन्हाळ्यात केलंस तर केलंस, पुढच्या वर्षी तू बसणारच नाहीस त्यात. साइटवर किमान महिनाभर राहायची अट असते त्यामुळे दोन आठवड्यांचे स्वस्त कोर्स बाद.

वेळ घालवू नको अशांची नावं पण सांगतो. एनएसएफ म्हणजे संशोधनाला पैसा देणारी अमेरिकी सरकारची संस्था, तिचे आरईयू म्हणजे अंडरग्रॅज्युएट्सना संशोधनाचा अनुभव देणारे प्रोग्राम, ज्यात फी तर नाहीच उलट स्टायपेंड मिळतो, ते फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना. गिलमन स्कॉलरशिपला सिटिझनशिप तर लागतेच, शिवाय ती पेल ग्रँट (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी सरकारी मदत) घेणाऱ्या अंडरग्रॅज्युएट्सची.

आणि इन्स्टिट्यूट फॉर फील्ड रिसर्चचे कोर्स बघ, बऱ्याच देशांत असतात, गरजेनुसार मदतही देतात. फी बघून दचकू नकोस, आधी त्यांना लिही.

नदीकाठ:
सोसायटी फॉर अमेरिकन आर्किऑलॉजीची आर्थर पार्कर स्कॉलरशिप यादीत दिसेल, ती नेटिव्ह अमेरिकन आणि इतर आदिवासी समाजांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, 1998 पासून. पार्कर स्वतः सेनेका वंशाचे आणि त्या सोसायटीचे पहिले अध्यक्ष. ती आपल्यासाठी नाही आणि नसावीच. ज्यांच्या पूर्वजांची हाडं उकरून म्युझियमच्या खोक्यांत भरली आणि परत मिळवायला 1990 मध्ये वेगळा कायदा व्हावा लागला, त्यांची पोरं हातात ट्रॉवेल (उत्खननाची छोटी थापी) घेऊन ट्रेंचमध्ये, खणलेल्या चरात, उतरणं ही वेगळीच गोष्ट आहे.

सोसायटी ऑफ ब्लॅक आर्किऑलॉजिस्ट्सचं कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर एस्टेट लिटल प्रिन्सेस म्हणून काम चालतं, जुना ऊसमळा, जिथे गुलाम राबवले गेले. तिथे बेटावरच्याच मुलांना खणायला शिकवतात. अर्ज कर म्हणत नाही, पण निबंध लिहायच्या आधी त्यांचं काम वाच. कोण खणतं यावर प्रश्न कुठले विचारले जातात हे बदलतं, हा मुद्दा त्यांनी फार नीट मांडलाय आणि तुझ्या निबंधाचा कणाही तोच असायला हवा.

उजेडवाट:
जातीबद्दल. लिही, बिनधास्त लिही. पण वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही असं धरून दोन वाक्यांत समजाव आणि पुढे सरक, तिसऱ्या परिच्छेदापर्यंत इतिहासच सांगत बसलीस तर तू राहशील बाजूला. आता अगदीच अंधार नाहीये, कॅलिफोर्नियातल्या कॅल स्टेट विद्यापीठांनी 2022 मध्ये भेदभावविरोधी नियमात जात घातली, सिअ‍ॅटल शहराने 2023 मध्ये. निवड समितीतल्या एखाद्याच्या कानावर तरी गेलं असेलच. सहानुभूतीची भीती वाटते ती निबंध 'माझ्यावर काय काय गुदरलं' यावर संपतो तेव्हा. तुला जमिनीखालचं काय शोधायचंय आणि ते तुलाच का सुचलं, यावर संपव. शिफारसपत्र देणाऱ्या प्रोफेसरलाही हे सगळं आधी सांग, नाहीतर पत्र एका दिशेला आणि निबंध दुसऱ्या.

एक सावधगिरी. बऱ्याच संस्था निवड झालेल्यांची नावं आणि छोटा परिचय वेबसाइटवर टाकतात. जात तिथे यायला हवी की नको हे तू ठरवायचं, आधीच ईमेल करून कळव. शिकायला आलेल्या प्रत्येकाला ते जगजाहीर करायचं असतंच असं नाही, आणि नसेल तर त्याबद्दल कोणाला खुलासा द्यायची गरज नाही.

भटक्या_विमुक्त_नव्हे:
एवढी रांग लावताय कशाला, फ्रान्सला जा की. तिथलं सांस्कृतिक मंत्रालय दरवर्षी यादी काढतं कुठल्या उत्खननांना स्वयंसेवक हवेत त्याची, अठरा वर्षं पूर्ण आणि धनुर्वाताची लस घेतलेली असली की पुष्कळ ठिकाणी घेतात, राहणं-खाणं बऱ्याचदा फुकट नाहीतर नाममात्र. फी भरून खणायचं हे अमेरिकन खूळ आहे.

पांढरीची_माती:
^^ खूळ आहे हे मान्य, पण तिला नोकरी अमेरिकेतलीच धरायची असेल तर कंपनी 'फील्ड स्कूल केलंय का' हेच विचारणार, आणि फ्रान्सच्या स्वयंसेवेचं प्रशस्तिपत्र प्रत्येक जण धरेलच असं नाही. शिवाय तिला शेंगेन व्हिसाही काढावा लागेल. रजिस्टर ऑफ प्रोफेशनल आर्किऑलॉजिस्ट्सने प्रमाणित केलेली फील्ड स्कूल्स असतात, त्यातलं मिळालं तर उत्तम. नाहीच जमलं तर फ्रान्स, काहीच न करण्यापेक्षा कधीही बरं.

खापरखुणा:
बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे! वाल्डबामचा फॉर्म उघडलाय. @उजेडवाट, वेबसाइटवरच्या परिचयाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, घरी बोलून ठरवते. पैसे आधी की नंतर ते कोणी सांगेल का? आणि F-1 वर, म्हणजे माझ्या स्टुडंट व्हिसावर, काही भानगड?

नदीकाठ:
पैशांचं प्रत्येकाचं वेगळं. सरळ विचार की रक्कम थेट फील्ड स्कूलला पाठवता येईल का, काही जण पाठवतात. फील्ड स्कूलला हप्ते विचार. क्रेडिट न घेता फी कमी होते का तेही विचार, कारण फीमधला मोठा भाग कधी कधी क्रेडिटचाच असतो. फक्त तुझ्या डिग्रीला ती क्रेडिट्स लागत नाहीत ना ते डिपार्टमेंटकडून लेखी घे. आणि ब्लॅक ट्रॉवेल कलेक्टिव्ह म्हणून आर्किऑलॉजिस्ट लोकांचाच एक गट आहे, गरजू विद्यार्थ्यांना छोट्या रकमा देतात, लांबलचक निबंध नाही की शिफारसपत्र नाही. फी नाही भागणार त्यात, बूट नाहीतर इन्शुरन्स सुटेल.

F-1 चं: अमेरिकेबाहेर जाणार असशील तर I-20 वर (कॉलेजने दिलेला स्टुडंट व्हिसाचा कागद) प्रवासाची सही ताजी हवी आणि परत येताना व्हिसा चालू हवा. कुठे स्टायपेंड किंवा मजुरी मिळणार असेल तर ते कामात धरलं जाऊ शकतं, होकार द्यायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचार, नंतर नाही.

आणि फील्ड स्कूलला ईमेल करशील तेव्हा आचारसंहिता लेखी आहे का आणि तक्रार कोणाकडे करायची हेही विचार. उत्तर द्यायला कांकू करणारे असतील तर स्कॉलरशिप मिळाली तरी तिथे जाऊ नकोस.

खापरखुणा:
नोट केलं. शेवटचं एकच, ट्रॉवेल आत्ता घेऊन ठेवू का?

पांढरीची_माती:
नको, त्यांची सामानाची यादी येऊ दे. अमेरिकन लोक मार्शलटाउन कंपनीची वापरतात, साडेचार किंवा पाच इंची. ब्रिटिश डायरेक्टर निघाला तर चार इंची डब्ल्यूएचएस सोडून बाकी सगळ्याला नाक मुरडेल.