डॉर्सेट : एक दिवस, एक दुखरा गुडघा आणि सागरी कमान (मदत हवी आहे)

वाईची सून

नमस्कार मंडळी,

आम्ही रेडिंगला राहतो. सासू-सासरे वाईहून आलेत, ऑगस्टअखेरपर्यंत आहेत. लंडन, विंडसर, बाथ सगळं झालं. बाबा कधी स्वतःहून काही मागत नाहीत. परवा मात्र जेवता जेवता म्हणाले, "ते डर्डल डोअर इथून लांब आहे का गं?" (दक्षिण इंग्लंडच्या डॉर्सेट काउंटीत समुद्रकाठी असलेली दगडी कमान.)

बाबांनी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. सागरी गुहा, मग कमान, मग छप्पर कोसळून उरलेला स्तंभ, हे चित्र त्यांनी फळ्यावर किती वेळा काढलं असेल देव जाणे. खरी कमान एकदाही पाहिलेली नाही.

अडचण उजव्या गुडघ्याची. सपाटीवर काठी घेऊन अर्धा तास आरामात चालतात. चढही हळूहळू चढतात. उतार आला की गुडघा बोलायला लागतो. मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या गेल्या वर्षापासून बंद केल्यात.

तुम्ही म्हणाल, स्वतः जाऊन बघून यायचं. गेलो होतो ना! मागच्या ऑगस्टात, रविवारी. आठला निघू म्हणता म्हणता पावणेअकरा वाजले (चूक आमचीच). शेवटच्या अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती आणि पुढे गाड्यांची रांग. पोचेपर्यंत पार्किंग भरलेलं. धपाटे गाडीतच खाल्ले आणि धाकटीने दह्याचा डबा मागच्या सीटवर उपडा केला. वास दिवाळीपर्यंत टिकला. कमान काही दिसली नाही, त्यामुळे वाट कशी आहे हे मलाच माहीत नाही.

तर बाबांना जमेल का? नसेल तर दुसरं काय दाखवता येईल? पोरं ५ आणि १० वर्षांची आहेत, मोठ्याला जीवाश्म शोधायचेत. आईंचं म्हणणं, समुद्र तो समुद्र, आमचं दिवेआगर काय वाईट आहे? त्यांना फक्त वाळूत बसून भाजलेलं कणीस खायचंय. ते एकदा वापरून टाकायचे बार्बेक्यूचे ट्रे मिळतात ते न्यावेत का?

पूलकर मामा

पूल (Poole) या डॉर्सेटमधल्या बंदराच्या गावात १४ वर्षं काढली आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो. बाबांना डर्डल डोअरला नेऊ नका. वरच्या पार्किंगपासून खडीची चांगली तिरकी उतरण आहे, ती संपली की पायऱ्या. आणि उतरलेलं सगळं परत चढायचं. शेजारच्या लुलवर्थ कोव्ह या खाडीकडून टेकडीवरून येणारी वाट फोटोत गोड दिसते, तीही दमवते.

त्याऐवजी स्टेअर होल बघा. लोक कोव्हला जाताना त्याच्या शेजारून निघून जातात. कोव्हच्या पार्किंगपासून छोटासा चढ आहे, बाबांच्या चालीने दहा मिनिटं धरा. समोर चुनखडीची भिंत, तिला समुद्राने पाडलेल्या लहान कमानी. त्यातून पाणी आत शिरतंय आणि मागची मऊ माती खातंय. शेजारचा गोल लुलवर्थ कोव्ह हा त्याच गोष्टीचा पुढचा भाग. तिथे भिंत फुटली, आतली माती वाहून गेली आणि वाटीसारखी खाडी झाली. म्हणजे आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी! खडकाच्या थरांना चुण्या पडल्यात, पिळून तशीच टाकलेली चादर असावी तशा. ज्या रेट्याने आल्प्स उचलले गेले, त्याचाच हा लांबचा धक्का. हे तुमचे बाबा माझ्यापेक्षा बरं सांगतील.

कोव्हचा किनारा गोट्यांचा आहे, काठी सरकते. बाबांना काठावरूनच दाखवा.

खडूस काकू

मामांना दुजोरा. पण त्याच किनाऱ्यावरच्या स्टडलंड गावाजवळचे ओल्ड हॅरी खडक विसरू नका. समुद्रात उभे असलेले पांढरेशुभ्र स्तंभ, आणि दगड कुठला, तर खडूचा! फळ्यावरचा खडू हल्ली जिप्समचा असतो, हा अस्सल. शेजारी 'हॅरीची बायको' नावाचा दुसरा स्तंभ होता, तो १८९६ मध्ये कोसळला, आता नुसता बुंधा उरलाय. गुहा, कमान, स्तंभ, बुंधा, बाबांचा अख्खा धडा एका जागी.

साउथ बीचच्या पार्किंगहून साधारण मैलभर चालायचंय, चढ सौम्य आहे. घडीची खुर्ची घ्या, मध्ये बसता येईल. कड्याला कठडा नाही आणि खडूची कड ढासळते, तेव्हा धाकटीचा हात सोडू नका.

वाळूसाठी तिथलाच नॉल बीच. पाणी उथळ, पोरं खूश. मात्र किनाऱ्याने उत्तरेकडे फिरत जाऊ नका. पुढे विवस्त्र फिरणाऱ्यांसाठी राखीव पट्टा आहे. पाट्या असतात, पण आम्ही गप्पांच्या नादात होतो आणि सोबत माझे आई-वडील. बाबा एवढंच म्हणाले, "वारा छान आहे इथे." घर येईपर्यंत गाडीत कुणी अवाक्षर काढलं नाही.

गोटेवाला

बार्बेक्यूचा ट्रे अजिबात नको. २०२० च्या मे महिन्यात वेअरहॅमच्या जंगलात मोठी आग लागली, तिथे असले ट्रे सापडले होते. उन्हाळ्यात तिथली माळरानं काडेपेटीसारखी असतात, आणि त्या भागात बऱ्याच ठिकाणी बंदीही आहे. कणसं घरी गॅसवर भाजा, तिखट-मीठ-लिंबू चोळा, फॉइलमध्ये गुंडाळा आणि डब्यात भरा. आईंना फरक कळेल, पण चालवून घेतील.

जीवाश्म त्याच दिवशी होणार नाहीत. ते लाइम रीजिस आणि चारमथला, काउंटीच्या पार पश्चिम टोकाला. तो वेगळा दिवस. जीवाश्म शोधणारी प्रसिद्ध मेरी ॲनिंग तिथलीच. बाराएक वर्षांची असताना ती आणि तिचा भाऊ यांना इक्थिओसॉर (डायनोसॉरांच्या काळातला समुद्री सरपटणारा प्राणी) सापडला होता. ही गोष्ट गंमत म्हणून लेकाला आधीच सांगून ठेवा. ओहोटी लागल्यावर जा आणि गोट्यांत शोधा. कड्याच्या पायथ्याशी हातोडी घेऊन बसू नका, दरडी कोसळतात.

वाईची सून

काय सुंदर प्रतिसाद दिलेत! ठरलं. बुधवारी पहाटे सहाला निघायचं (नवऱ्याला साडेपाच सांगितलंय). आधी स्टेअर होल, मग स्टडलंड. कणसं भाजलेली नेणार. पाटीकडे मी स्वतः लक्ष ठेवणार, काकू.

बाबांना सगळं वाचून दाखवलं. डर्डल डोअर रद्द झाल्याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं. ते उठले, पोराची चित्रकलेची वही घेतली आणि भिंत, कमानी, मागची माती असं स्टेअर होल काढून बसले, न बघताच. मग विचारलं, "त्या दिवशी भरती किती वाजता आहे?" मामा, हा प्रश्न त्यांचा आहे. कमानी भरतीला बघाव्यात की ओहोटीला?

पूलकर मामा

कमानी काठावरून कधीही दिसतात. पण लाटा आत घुसताना बघायच्या असतील तर भरती गाठा. वेळा आदल्या दिवशी तक्त्यात बघून घ्या. आणि बाबांना सांगा, आमच्या पूलच्या बंदरात भरती दुहेरी असते. पाणी चढतं, जरा उतरतं, परत चढतं आणि मग ओहोटी लागते. रोज बघतो, पण का ते मला कुणाला धड समजावता येत नाही. परतताना चहाला या, त्यांनाच विचारतो.