शब्दचर्चा: ‘रीवाइल्डिंग’ला मराठीत काय म्हणाल?

विचारणा
मी एडिंबरात राहते. स्कॉटलंडच्या दक्षिण डोंगरांत, मोफॅटजवळ कॅरिफ्रान नावाचं खोरं आहे, साधारण ६६० हेक्टरांचं. मेंढ्या-शेळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चरून ते बोडकं केलं होतं. लोकांनी वर्गणी काढून ते विकत घेतलं आणि १ जानेवारी २००० पासून भूर्ज, रोवन, ओक, जुनिपर अशी तिथलीच झाडं लावायला घेतली. त्यावर माझ्याच आवाजात मराठी निवेदनाचा छोटा माहितीपट करायचाय. बघणार सांगलीकडची आमची मंडळी. अशा बोडक्या जमिनीवर पुन्हा रान येऊ देण्याला इंग्रजीत ‘रीवाइल्डिंग’ म्हणतात. त्याला ‘पुनर्वन्यीकरण’ म्हणून पाहिलं, तोंडात बसत नाही. आणि ‘अपलँड’ला, म्हणजे अशा उंच डोंगराळ भागाला, घाटमाथा चालेल का?

प्रतिसाद १
वनीकरण म्हणा की सरळ. सगळ्यांना कळतं.

विचारणारी
कळतं, पण भलतंच! शेजारच्याच डोंगरांवर सिटका स्प्रूस लावलाय. उत्तर अमेरिकेतलं झाड, लाकडासाठी, इतक्या दाट रांगांत की खाली धड उजेडही पोचत नाही. वनीकरण म्हणजे ते. आमच्या काकांनाही त्या शब्दाने गिरिपुष्प नि ऑस्ट्रेलियन बाभळीच्या ओळीच दिसतील.

प्रतिसाद २
मूळ शब्द १९९०च्या दशकातला, अमेरिकेतला. सूले आणि नॉस या संवर्धन-जीवशास्त्रज्ञांच्या १९९८च्या लेखात भर होता तो मोठी राखीव क्षेत्रं, त्यांना जोडणारे पट्टे आणि मोठे शिकारी प्राणी यांवर. तिकडच्या येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे पुन्हा आणून सोडले ते १९९५ साली. त्या हिशेबाने लांडग्यांशिवायचं तुमचं खोरं त्या व्याख्येत जेमतेमच बसतं. हे निवेदनात घालू नका, लोक कंटाळतील.

प्रतिसाद ३
ताई, एकच शब्द कशाला हवा? मराठीत रानाला क्रियापदं भरपूर आहेत आणि प्रत्येकातून बोलणारा कळतो. शेत पड टाकलं की शेजारी म्हणतो, ‘रान माजलंय.’ त्यात कौतुक नसतं. देवराईबद्दल मात्र ‘रान राखलंय’ म्हणतात. तुमच्या फिल्ममध्ये कुणी मेंढपाळ बोलणार असेल तर त्याच्या बोलण्याच्या अनुवादात ‘चांगल्या कुरणाचं रान माजवलं’ असंच येऊ द्या, त्याचा राग मऊ करू नका. झाडं लावणाऱ्यांसाठी नुसतं ‘राखणं’ पुरणार नाही, कारण राखायला आधी काही असावं लागतं. ‘रान परत आणणं’ म्हणा. मेंढ्या आत येऊ नयेत म्हणून कुंपण असेलच. त्या बंदीला आपल्याकडे खेडोपाडी माहीत असलेला शब्द आहे, चराईबंदी.

घाटमाथा नको. खाली कोकण असल्याशिवाय घाटमाथा कसला? सडाही नको, तो जांभ्या दगडाचा. ‘डोंगरमाळ’ म्हणा.

प्रतिसाद १
‘परत’ कशावरून? तिथे आधी रान होतं हे कुणी पाहिलंय?

विचारणारी
परागकणांनी! खोऱ्याच्या वर रॉटन बॉटम नावाची पाणथळ जागा आहे. तिथे पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर साचलेत आणि थराथरांत जुन्या झाडांचे परागकण अडकून राहिलेत. कोणती झाडं लावायची ते त्यावरूनच ठरवलं. १९९०मध्ये तिथेच एका डोंगरभटक्याला यू झाडाच्या लाकडाचं धनुष्य सापडलं, जवळपास सहा हजार वर्षांपूर्वीचं. आता ते इथे एडिंबरातल्या संग्रहालयात आहे, माझा पहिला शॉट तोच. तेव्हा ‘परत’ राहू द्या, चराईबंदी तर घेतलीच. शीर्षकात मात्र रीवाइल्डिंगच ठेवते, शोधणारे तेच टाइप करणार.

प्रतिसाद २
योग्य. आणि भूर्ज म्हणताना हिमालयातल्या भूर्जपत्राच्या झाडाचा हा भाऊबंद, एवढं सांगून टाका. नाहीतर सांगलीकर विचारतील, पोथ्या लिहायची झाडं स्कॉटलंडात कशी?