गोठलेला कोळसा वॅगनमधून काढतात कसा?

टिपलरवाला: विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात कोळसा हाताळणीत आहे. पावसाळ्यात बॉक्सएन (वरून उघडी) वॅगन टिपलरवर, म्हणजे वॅगन उलटवणाऱ्या यंत्रावर, उलटी केली तरी ओला कोळसा तळाला चिकटून राहतो. मग पहारी घेऊन माणसं उतरवा, तोवर डेमरेज (वॅगन अडकवून ठेवल्याचा रेल्वेचा दंड) चढतंय. सायबेरियात उणे वीस-तीसमध्ये तर अख्खी वॅगन दगड होत असेल. तिथे काय, भट्टी लावतात?

नमुनेवाला: कोळसा तपासणीच्या कामासाठी मी रशियाच्या वोस्तोच्नी बंदरात हिवाळा काढलाय. सायबेरियातल्या कुझबास खाणपट्ट्याचा कोळसा तिथे पाच हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून येतो, थंडी कडेकडून आत मुरत जाते.

भट्टीच म्हणा हवं तर. लांबलचक शेड, वॅगनची रांगच्या रांग आत, बाजूंनी इन्फ्रारेड हीटर नाहीतर गरम हवा. पण सगळा माल कुणी वितळवत बसत नाही. ७० टन कोळशात १० टक्के सुटं पाणी धरा, म्हणजे ७ टन. तेवढा बर्फ नुसता वितळवायलाच साधारण ६५० युनिट, तेही एका वॅगनला! त्यात कोळशातून उष्णता आत सरकते गोगलगायीसारखी. म्हणून पत्र्याला धरलेला थर तेवढा सोडवायचा. पत्र्यावरून पाणी ओघळायला लागलं की वॅगन तडक टिपलरवर, कारण बाहेर रेंगाळली तर परत धरते. आतला गाभा गोठलेलाच असतो. तो धाडकन जाळीवर आदळतो आणि तिथे फोडणी यंत्राने फोडतात. त्या ढेकळांतून नमुना काढणं म्हणजे वैताग.

टिपलरवाला: मग आच वाढवली तर वेळ नाही का वाचणार?

नमुनेवाला: अजिबात नको. ब्रेकच्या रबरी नळ्या, सील, बेअरिंगचं ग्रीस, सगळं तिथेच खाली असतं. शिवाय पत्र्यालगतचा कोरडा चुरा धुमसायला लागला की संपलंच. माझ्या मते खरं काम खाणीवरच व्हायला हवं. धुतलेला बारीक कोळसा पाणी निथळून, वाळवूनच भरायचा. गोठण्यात तोच सगळ्यात वाईट. घट्ट गोठू नये म्हणून ग्लायकॉल किंवा कॅल्शियम क्लोराइड फवारतात. क्लोराइड स्वस्त, पण पत्रा खातं.

जुना फिटर: टिपलरवाले, शेडच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडे कोळसा चिकटतो तो मातीमुळे. आच दिलीत तर ती माती भाजून आणखी घट्ट बसेल. टिपलरला व्हायब्रेटर आहे का? असला तर आधी तो चालू आहे का बघा.