द्राक्षपेट्यांच्या तीन हंगामांच्या पुरवठा कराराचा मसुदा : मदत हवी आहे

नमस्कार. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कोरुगेटेड (नालीदार पुठ्ठ्याच्या) पेट्यांचा लघुउद्योग आहे. दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष निर्यातदाराला आम्ही आजवर हंगामागणिक परचेस ऑर्डरवर पेट्या देत आलो. आता त्यांना पुढच्या तीन हंगामांसाठी एकच करार करायचा आहे आणि त्यांच्या वकिलांनी मसुदा पाठवला आहे. कायमचे काम मिळत असल्याने करार मला हवाच आहे; परंतु हंगामाची सगळी जोखीम आमच्याच गळ्यात पडेल अशा बेताने तो लिहिलेला दिसतो. सहीपूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

मुख्य अडचण प्रमाणाची आहे. मसुद्यात ‘अंदाजे वार्षिक गरज’ म्हणून मोठा आकडा आहे, पण तेवढा माल उचलण्याचे बंधन खरेदीदारावर नाही. आमच्यावर मात्र मागणी येताच चार दिवसांत माल पोहोचवण्याचे बंधन आहे. निर्यातीच्या पाच किलोच्या पेटीवर त्यांचे बोधचिन्ह आणि पॅकहाउसचा (द्राक्षे पेटीत भरण्याच्या केंद्राचा) क्रमांक छापलेला असतो. अशी पेटी दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, ती रद्दीच्या भावाने जाते. ऐन फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला, मणी तडकले, की निर्यात थांबते आणि छापलेला माल आमच्या गोदामात पडून राहतो. निसर्गावर आमचाही ताबा नाही, असे निर्यातदार म्हणतात, आणि ते खोटे नाही. मग किमान उचल किती आणि कोणत्या टप्प्यावर बांधून घ्यावी?

दर तीनही हंगाम स्थिर धरला आहे. पेटीच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा क्राफ्ट पेपरचा (पेटीच्या जाड तपकिरी कागदाचा), आणि वापीच्या मिल तो दर कधी बदलतील याचा नेम नसतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून पेटीवर ५ टक्के आणि क्राफ्ट पेपरवर १८ टक्के जीएसटी झाल्याने कागदावर भरलेल्या जादा कराचे आमचे क्रेडिट साचत जाते. परतावा मागता येतो, पण तोवर खेळते भांडवल अडकते.

नाकारलेल्या मालाचे कलम तर फारच कडक आहे. युरोपात कंटेनर उघडल्यावर पेट्या दबलेल्या आढळल्या, तर संपूर्ण कंटेनरचे नुकसान आम्ही भरायचे. कोरडी असताना भक्कम असलेली पेटी शीतगृहातल्या ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत ओलावा धरते आणि तिची दाबक्षमता (वरचे वजन पेलण्याची ताकद) बरीच घटते. मागच्या हंगामात त्यांच्या शीतगृहात मी एक थप्पी पाहिली : पेट्या पॅलेटच्या कडेबाहेर दोन बोटे आल्या होत्या आणि खालच्या थराचे नेमके त्याच बाजूचे कोपरे बसले होते. दोष पेटीचा की रचणाऱ्याचा, हे परदेशातून आलेल्या फोटोवरून कसे ठरवायचे?

पैसे माल पोहोचल्यापासून ९० दिवसांनी, आणि वाद मुंबईत लवादाकडे, असेही म्हटले आहे. आमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) लघुउद्योग म्हणून जुनी आहे.

प्रतिसाद १

सोपे आधी घेतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याच्या कलम १५ नुसार लेखी करारानेही देयकाची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि उशीर झाल्यास कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. तरीही निर्यातदारांशी व्याजावरून वाद घालू नका. त्यांच्या सनदी लेखापालाला मध्ये घ्या. जानेवारीतल्या मालाचे पैसे ३१ मार्चलाही दिलेले नसतील, तर आयकर कायद्यात २०२३ साली आणलेल्या तरतुदीमुळे तो खर्च त्यांना त्या वर्षी वजा मिळत नाही. तुमचा हंगाम नेमका वर्षअखेरीला येतो, त्यामुळे हे त्यांना लगेच पटेल. लवादाच्या कलमाने फारसे बिघडत नाही. तसे कलम असले तरी थकबाकीसाठी सुविधा परिषदेकडे (याच कायद्याखाली लघुउद्योगांचे थकबाकीचे दावे ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे) जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाकाली फूड्स प्रकरणात स्पष्ट केले आहे.

दर आकड्यात न लिहिता सूत्रात लिहा. एका पेटीत किती ग्रॅम कागद, कोणत्या जीएसएमचा (दर चौरस मीटर वजनाचा) आणि बीएफचा (फुटण्याला टिकण्याच्या ताकदीचा), घट किती टक्के, हे परिशिष्टात द्या; कागदाचा दर ठरलेल्या दोन मिलच्या बिलांच्या सरासरीवर बांधा, आणि तो उतरला तर पेटीही स्वस्त होईल असे लिहा, म्हणजे समोरचा कुरकुर करणार नाही. मालावरचा कर बदलला तर १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम ६४अ मदतीला येते, पण कच्च्या मालावरच्या कराचा भार त्यात येत नाही. तो वेगळा लिहावा लागेल. कागद महागला म्हणून करारातून सुटता येईल, या भरवशावर राहू नका. केवळ भाववाढीने करार निष्फळ ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या एनर्जी वॉचडॉग प्रकरणाच्या २०१७ च्या निकालात आले आहे.

प्रमाणासाठी टक्केवारीपेक्षा टप्पे बरे. ऑक्टोबर छाटणीनंतरचा अंदाज कोणालाच बांधील नसावा. ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत) प्लॉटांची नोंदणी झाली की त्या क्षेत्रावरून कागदाची मागणी पक्की करा. तेवढा कागद उचलला गेला नाही तर तो दुसऱ्या पेटीत वापरता येत असल्याने फक्त दरातला फरक आणि गुंतलेल्या रकमेचे व्याज मागा. मात्र छपाईची लेखी परवानगी दिल्यापासून तो माल खरेदीदाराचा, मग पाऊस पडो वा न पडो. अनिवार्य आपत्तीच्या (आवाक्याबाहेरच्या संकटात जबाबदारीतून सूट देणाऱ्या) कलमातून छापलेला माल शब्दशः वगळा. खरा करार याच वाक्यात आहे. बाकी सगळे वाटाघाटीत थोडे मागे-पुढे झाले तरी चालेल.

नुकसानभरपाईचे कलम जपून वाचा. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ नुसार दूरचे, अप्रत्यक्ष नुकसान मिळत नाही. पण करार करतानाच दोघांना ठाऊक असलेले संभाव्य नुकसान मिळू शकते. कंटेनरचा उल्लेख मसुद्यात घातलाय तो यासाठीच. तो काढून जबाबदारीला सदोष पेट्यांच्या किमतीच्या ठरावीक पटीची मर्यादा घाला.

प्रतिसाद २

मी पॅकहाउसच्या बाजूने काम करतो, म्हणून थोडे उलट लिहितो. छापलेल्या मालाची अट आमचे लोक मान्य करतील, पण पेटीवर कमीत कमी छापा. बोधचिन्ह पेटीवर असू द्या; पॅकहाउस क्रमांक आणि लॉटचा तपशील लेबलवर घ्या. मग उरलेली पेटी पुढच्या हंगामात किंवा निर्यातदाराच्या दुसऱ्या पॅकहाउसला चालते आणि भांडणाचा आकडाच लहान होतो.

पॅलेटवरची रचना, थरांची कमाल संख्या आणि कडेबाहेर पेटी येणार नाही ही अट चित्रासह परिशिष्टात जोडा. प्रत्येक लॉटमधील काही पेट्या दोघांच्या सहीने सीलबंद ठेवा, आणि तक्रार आली तर त्या दमट हवेत ठेवून त्यांचीच दाबक्षमता तिसऱ्या प्रयोगशाळेत तपासा. दाबक्षमतेचा आकडा कोरड्या आणि दमट अशा दोन्ही अवस्थांसाठी लिहून घ्या. आमच्याकडचे बहुतेक वाद केवळ कोरडा आकडा लिहिल्यामुळेच होतात.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. छपाईचे कलम असे लिहिले आहे : ‘खरेदीदाराने नमुन्यावर सही करून छपाईस लेखी परवानगी दिलेल्या पेट्या, कोणत्याही कारणाने निर्यात घटली तरी, परवानगीपासून ६० दिवसांत उचलून त्यांची पूर्ण किंमत देणे खरेदीदारावर बंधनकारक राहील.’ उचल झाली नाही तर गोदामभाडे लावावे का, की तेवढी सूट देऊन टाकावी?

प्रतिसाद १

भाडे जरूर लावा, पण पहिला महिना माफ ठेवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या काळात पेट्या दमट झाल्या तर जबाबदारी कोणाची, हे त्याच कलमात घाला. आणि ५०० रुपयांच्या मुद्रांकावर सही करून मोकळे होऊ नका. कराराच्या मूल्यानुसार शुल्क किती येते ते आधी काढून घ्या, कारण कमी मुद्रांकाचा दस्त कमतरता भरून काढेपर्यंत पुराव्यात घेतला जात नाही.